योग्य ते करावे

रोहा
९ फेब्रुवारी २०२५

आदेश,

तुझा मेल निलेशच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतला. चार ओळी होत्या, त्यातल्या दोन हवेवर. डेल्फ्टला थंडी आहे हे मला रोह्यात बसून कळलं नसतं, आभारी आहे. फोनवर बोलू म्हणतोस. फोनवर तू हसतोस आणि तुझी आई रडते, दोन्हींतून मला काही कळत नाही. कागदावर लिही. मी हाताने लिहीन, निलेश त्याचा फोटो काढून तुला धाडेल. निलेश एम.एस्सी. आहे, रसायनशास्त्रात पहिला आला होता. झेरॉक्स चांगली काढतो.

हौसा परवा पेणहून येऊन गेली. शिक्षण संपलं, दिवाळी गेली, संक्रांत गेली, मुलगा अजून अर्जच करतोय म्हणाली. किती अर्ज केले, म्हणून विचारलं तर म्हणते, ‘दादा, त्यानं मोजायचं सोडलंय.’ बरं केलंस. धाटावच्या कंपनीत मी टाइम ऑफिसला होतो तेव्हा अर्जांचा गठ्ठा माझ्याच टेबलाखाली असायचा. पावसाळ्यात तो बॉयलरवाले पेटवायला घेऊन जात. गेटवर अर्ज देऊन लागलेला पोरगा मी पाहिलेला नाही. ज्याच्याबद्दल कोणी शब्द टाकलेला असेल तो लागायचा. तुझा बाप रामवाडीला एस.टी.च्या वर्कशॉपात लागला तो असाच. त्याला पाना धरता येत नव्हता. लागल्यावर आला.

तिकडे तुझ्या ओळखीचं कोण आहे? नाव आणि हुद्दा कळव. हवा नको.

हैबतराव


डेल्फ्ट
१६ फेब्रुवारी २०२५

मामा, नमस्कार.

ओळखीचं इथे कोणी नाही, आणि म्हणूनच मी इथे आहे.

तुम्हाला पटणार नाही, तरी लिहितो. इथे कोण कोणाचा मामा हे विचारत नाहीत. अर्ज वाचतात. नको असेल तर तसं कळवतात. मला बऱ्याच जणांनी कळवलं आहे. प्रत्येकाने माझ्या वेळेबद्दल आभार मानले आहेत. धाटावला कोणी कोणाचे आभार मानल्याचं मला आठवत नाही.

माझा विषय बांध आहे. समुद्राचं पाणी जमिनीवर येऊ न देणारे बांध. या देशाचा बराच भाग समुद्राच्या पातळीखाली आहे आणि तो कोरडा आहे. आपल्याकडे पातळीच्या वर आहे आणि बुडतो. यातला फरक मला पगार घेऊन अभ्यासायचा आहे. पदवीनंतर नोकरी शोधायला एक वर्षाची परवानगी मिळते. माझी ऑगस्टअखेर संपते. तोवर एखाद्या कंपनीने माझी हमी घेतली तर राहीन. नाही घेतली तर परत यायचं.

परत म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. बारावीच्या सुट्टीत तुम्ही मला कंपनीच्या गेटवर नेलं होतंत, हातात पापडांचं पुडकं देऊन. मॅनेजर यायच्या आधी तुम्ही त्याच्या ड्रायव्हरला नमस्कार केलात. मग त्याच्या गाडीला. मग त्याला. त्या दिवशी मी ठरवलं की मला नोकरी लागेल ती अशा ठिकाणी, जिथे तुमच्यासारख्या माणसाची गरज नसेल. रागावू नका. सरळ लिहायला तुम्हीच सांगितलंत.

संध्याकाळी फुलांच्या गोदामात खोकी भरतो. आईला सांगू नका. तिला लायब्ररीत जातो म्हणून सांगितलं आहे.

आदेश


रोहा
२ मार्च २०२५

आदेश,

गाडीला नमस्कार केला नव्हता. बॉनेटवर मांजर बसलं होतं, ते हाकललं. शास्त्र शिकलास, निदान पाहायला तरी नीट शीक.

हौसाला गोदामाचं सांगितलेलं नाही. लायब्ररी म्हणजे काय ते तिला माहीत नाही. रात्रीची उघडी असते तर मोठी असणार, असं ती पापडाच्या कारखान्यातल्या बायांना सांगते. त्या बाया मान डोलावतात. त्यांची पोरं पनवेलला मॉलमध्ये उभी असतात, त्यांना तेवढं पुरे.

बांध आपल्याकडेही आहेत. खाडीकाठच्या खारेपाटात दर पावसाळ्यात बांध फुटतो. गाववाले मोर्चा काढतात, अधिकारी येऊन फोटो काढतो, पुढारी नारळ फोडतो, पुढच्या वर्षी बांध परत फुटतो. सगळे आपापलं काम नेमाने करतात. तू ते शिकायला समुद्र ओलांडून गेलास. मी विरोध केला नाही. तुझ्या आईला वाटलं मी खूश आहे.

आभार मानून हाकलतात, हे तू मोठेपणाने लिहिलं आहेस. आमचा वॉचमन शिवी देऊन हाकलायचा. ज्याला शिवी बसली तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गेटवर जायचा. ज्याचे आभार मानले तो खोलीवर बसून वाट बघतो. कुठली रीत बरी, ते तू शिकलेला, तू ठरव.

वशिला हा शब्द तुला घाण वाटतो. मला त्याची लाज नाही. कोणाला ना कोणाला घ्यायचंच असतं. मग ज्याची खात्री कोणी देतो त्याला घ्यावं. मी ज्या पोरांचा शब्द टाकला, त्यातला एकही चोर निघाला नाही. दोन दारुडे निघाले. ते अर्जावरही निघाले असते.

हैबतराव


डेल्फ्ट
५ एप्रिल २०२५

मामा, नमस्कार.

मुलाखत झाली. पहिली फेरी. कंपनी उत्रेख्तला आहे, बांधांचंच काम करते. जागा निघाल्याचं मला ऋत्विकने सांगितलं. तो माझ्या पुढच्या वर्गात होता, आता त्याच कंपनीत आहे. त्याने माझं नाव आत दिलं, म्हणून अर्ज वरच्या ढिगात गेला. हे तुम्ही वशिला म्हणून वाचाल. याला रेफरल म्हणतात. कंपनीच कर्मचाऱ्यांना तसं करायला सांगते आणि माणूस लागला तर बक्षीस देते. सगळं उघड असतं. फरक उघडपणाचा आहे.

मुलाखत घेणारी बाई मार्लूस. विभागाची प्रमुख. तिने गणितं विचारलीच नाहीत. बांधांचं तुला का एवढं, असं विचारलं. मी खारेपाटाचं सांगितलं. आमची भातशेती खाडीला लागून होती, एका रात्री बांध फुटला, सकाळी रोपांवर मीठ बसलं होतं, आजी बांधावर बसून राहिली, असं. तिने वही मिटली. मग म्हणाली, असे लोक आम्हाला हवे आहेत.

दुसरी फेरी मे महिन्यात. ती निघाली की झालं. परमिटची हमी ही कंपनी घेते.

आईला एवढंच सांगा की बरं चाललं आहे. पेढ्यांचं बोलायला लागेल, तिला थांबवा.

आदेश


रोहा
१२ एप्रिल २०२५

आदेश,

तुमची शेती डोंगराच्या अंगाला होती. भात आणि वाल. तुझी आजी आयुष्यात खाडीच्या बांधावर बसली नाही, तिला खाऱ्या वाऱ्याने शिंका यायच्या. खारं पाणी तू पाहिलंस ते एस.टी.च्या खिडकीतून, तेही झोप लागली नसेल तर. दुसऱ्याचं बुडालेलं शेत तू आपलं म्हणून दाखवलंस आणि बाईने वही मिटली. चांगलं केलंस. मुलाखत म्हणजे तेच. फक्त उघडपणाचं मला शिकवू नकोस.

ऋत्विकने नाव आत दिलं, वर बक्षीसही घेणार. मी आयुष्यभर हेच केलं आणि चहाही स्वतःच्या पैशाने प्यालो. मी बावळट ठरलो, एवढाच तुझ्या माझ्या देशात फरक दिसतो.

आता बाईंचं कळव. वय काय, लग्न झालंय का, पोरं किती, काय खाते, देवाधर्माचं काही आहे का. तिच्या वर कोण आहे. कंपनीचा पत्ता पूर्ण लिही. चौकशी करण्यात काही वाईट नाही, तुझा बाप लागला तेव्हा डेपो मॅनेजरला संधिवात आहे हे मला त्याच्या बायकोच्या आधी माहीत होतं.

हौसा पेढ्यांचं बोलली. थांबवलं.

हैबतराव


डेल्फ्ट
१९ एप्रिल २०२५

मामा,

तुमचे प्रश्न मी इथे दोघांना वाचून दाखवले. ते हसले. मग मीही हसलो. राग आला होता, पण हसणं जास्त सोपं गेलं.

तरी उत्तरं देतो, म्हणजे तुमचं समाधान होईल आणि विषय संपेल. मार्लूसचं वय चाळिशीच्या पुढे. लग्नाचं विचारत नाहीत इथे. पोरांचंही नाही. ती शाकाहारी आहे, दुपारी डब्यात कच्ची गाजरं आणि चीज. देव मानत नाही, बहुतेक कोणीच मानत नाही, चर्चमध्ये पुस्तकांची दुकानं आहेत. सायकलने येते. तिच्या वर कोण आहे ते महत्त्वाचं नाही, कारण निर्णय तीच घेते. तिच्या वरच्याला तिने सांगितलेलं ऐकावं लागतं. हे तुमच्या डोक्यात बसणार नाही.

पत्ता वेबसाइटवर असतो, मामा. इथे पत्ते लपवत नाहीत. तुमच्या एम.एस्सी. निलेशला विचारा.

मला एक समजत नाही. तुम्हाला कंपनी सोडून किती वर्षं झाली. आता तुमच्या शब्दाला रोह्यातही कोण विचारतं? गेल्या खेपेला आलो तेव्हा मी पाहिलं. गेटवरचा नवा वॉचमन तुम्हाला ओळखत नव्हता. तुम्ही त्याला नाव सांगितलंत, त्याने रजिस्टर पुढे केलं. मी मागेच उभा होतो.

दुसरी फेरी तेरा मेला आहे. तोवर पत्र नको. अभ्यास करायचा आहे.

आदेश


रोहा
४ मे २०२५

आदेश,

पत्र नको म्हणालास तरी लिहितो. वाचू नकोस.

गेल्या महिनाअखेरीस हमरापूरला जाऊन आलो. मूर्तिकार दिनानाथच्या कारखान्यात गणपतीचं काम जोरात आहे. पोरं तोंडाला फडकं बांधून फवाऱ्याने रंग मारतात. देव आहे की मोटारसायकल, ते शेवटपर्यंत कळत नाही. दिनानाथ म्हणाला, ‘शेडगे, आता हाताचं काम कोनाला पायजे? लोकांना चकाकी पायजे.’ त्याला म्हटलं, मला चकाकी नको. वीतभर उंचीची एक शाडूची मूर्ती दे, डोळे तू स्वतः काढ. मेहेरबानी केल्यासारखे काढले. बरे काढले. कोणाकडे जाणार विचारत होता. साहेबाकडे म्हटलं. ‘तुमचा अजून कोनी साहेब हाय?’ म्हणाला. पेणला येईतो एस.टी.त मला चांगलं उत्तर सुचलं, पण तो हमरापूरलाच राहिला होता.

मूर्ती जिथे जायची तिथे गेली आहे.

वॉचमनचं लिहिलंस. तो ठेकेदाराचा माणूस आहे, बिहारचा. त्याने मला ओळखायचं कारण नाही. तू मात्र मागे उभा राहून हे सगळं टिपत होतास, ते मला आज कळलं.

तेरा तारखेला स्वच्छ शर्ट घाल. शेताचं पुन्हा सांगणार असशील तर आजीला बांधावरून उठव. फार वेळ बसवलीस.

हैबतराव


डेल्फ्ट
२४ मे २०२५

मामा,

थोडक्यात लिहितो.

दुसरी फेरी झाली, चांगली झाली. निकाल जूनमध्ये.

तुम्ही इकडे काही पाठवलं आहे का? पाठवलं असेल तर पोचलेलं नाही आणि पोचणारही नाही. इथले कस्टमवाले वाल, पापड असलं काही दिसलं की फेकून देतात. यापुढे काही पाठवू नका. कंपनीला तर मुळीच नाही. इथल्या कंपन्यांत भेटवस्तूंचे नियम फार कडक आहेत. उमेदवाराच्या घरच्यांनी काही पाठवलं असं दिसलं तर त्याचा अर्ज तिथेच बंद करतात, कारण विचारत नाहीत. हे मी आधीच सांगायला हवं होतं. पण कोणी असं करील, असं माझ्या मनातच आलं नाही.

दुसरं. परदेशातून कोणाचा फोन आला तर उचलू नका. हल्ली फसवणुकीचे फोन फार येतात. माझं नाव घेतील, विश्वास बसावा म्हणून. आपण कोण, काय, हे काही सांगू नका.

आईलाही सांगा. पण घाबरवू नका.

आदेश


रोहा
१ जून २०२५

आदेश,

समजलं.

काही पाठवणार नाही. फोन कोणाचा आला नाही. आला तरी मी काय बोलणार, माझं इंग्रजी टाइम ऑफिसचं. प्रेझेंट, ॲबसेंट, लेट.

हौसाने तुझ्या साहेबासाठी पोह्याचे पापड लाटून दिले होते, सुट्टीच्या दिवशी, घरी. कारखान्यात रोज दुसऱ्याचे लाटते. ते आवडले असं मी तिला सांगितलं. फेकले असं सांगायला मला कोणी नियम घालून दिलेला नाही.

इथे उकाडा आहे. तुला हवेचं वाचायला आवडतं म्हणून लिहिलं.

हैबतराव


डेल्फ्ट
२८ जून २०२५

मामा, नमस्कार.

लागलो.

काल पत्र आलं, आज सही करून पाठवलं. पाच वर्षांच्या परमिटचे कागद कंपनी करते आहे. एक ऑगस्टपासून रुजू. आईला रात्रीच फोन केला. ती नुसती हो हो करत होती. मग म्हणाली, दादाला कळव.

कळवतो. आणि काही गोष्टी आता सांगूनच टाकतो, कारण तुम्ही माझं कधी ऐकून घेतलेलं नाही. मी इथे आलो तेव्हा माझ्यामागे कोणी नव्हतं. ऋत्विकने अर्ज वर सरकवला, पण तेवढ्याने मुलाखतही निघत नाही. मी ती माझ्या अभ्यासावर काढली. मार्लूस म्हणाली, आम्ही तुझ्या कामाकडे पाहिलं, बाकी कशाकडे नाही. हे वाक्य तुमच्या रोह्यातल्या पोरांना वाचून दाखवा. ती अजून तुमच्या ओट्यावर येऊन बसत असतील तर त्यांना सांगा की मामांचा काळ गेला. स्वतःच्या पायावर उभं राहता येतं. कोणाच्या गाडीवरचं मांजर हाकलावं लागत नाही.

कडू वाटेल. पण तुम्हीही मला कधी गोड लिहिलं नाहीत.

खारेपाटाची गोष्ट मार्लूसने सगळ्या विभागाला सांगितली आहे. आता ती बदलता येणार नाही. आईला सांगून ठेवा, म्हणजे ती आली की घोळ होणार नाही. तिला सप्टेंबरात महिनाभर इकडे आणायचा विचार आहे. ऑफिसही दाखवीन. पासपोर्टचं तेवढं तुम्ही बघा.

आदेश


रोहा
६ जुलै २०२५

आदेश,

पेढे वाटले. हौसाने तुझ्या बापाच्या फोटोपुढे ठेवले, कारखान्यात नेले, शेजारी दिले, रोह्याला आणून मला दिले. निलेशलाही दिला. तुझं पत्र छापताना त्याने वाचलंच होतं. ‘मामा, पोरगा सोताच्या हुशारीवर लागला हां,’ म्हणाला. व्हय म्हटलं. ओट्यावर पोरं येत नाहीत. आली तर तुझं वाक्य दाखवीन.

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं. फोन आला होता.

उचलू नका असं तू लिहिलंस, त्याच्या दोन दिवस आधी. दुपारी जेवून पडलो होतो. मार्लूसबाई होत्या. आवाज शांत, प्रत्येक शब्द सुटा. मला सगळं कळलं, टाइम ऑफिसचं इंग्रजी तू समजतोस त्याहून जरा पुढे जातं. पार्सल तुम्ही पाठवलं का, म्हणाल्या. हो म्हटलं. माझं नाव आणि नंबर त्यावर होता, नाही कसं म्हणणार? मी उठून बसलो. मला वाटलं, आभार मानायला केलाय. तुमच्याकडे मानतात ना. वाल कसे करायचे ते सांगायची मी तयारी केली होती. भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून सोलायचे. शाकाहारी बाई, तिला आवडले असते.

त्यांनी वालांचं विचारलं नाही.

‘मिस्टर धुमाळांचे तुम्ही कोण?’ असं विचारलं.

मी सांगणारच होतो. तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, ‘त्यांना आम्ही पार्सल दाखवलं. या माणसाला मी ओळखत नाही, असं ते म्हणाले.’

तू तसं म्हणू शकलास याचं कारण तुला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. पार्सलवर शेडगे होतं. आत चिठ्ठी होती, दोन ओळींची. आदेश धुमाळ यांच्या अर्जाबाबत. मुलगा चांगला आहे, योग्य ते करावे. नातं लिहिलं नव्हतं. मी कधीच लिहीत नाही. भाचा म्हटला की शब्दाचं वजन उतरतं, समोरच्याला वाटतं हा घरचं ओझं उतरवतोय. तुझ्या बापालाही मी डेपोत मेव्हणा म्हटलं नव्हतं. ओळखीतला एक होतकरू मुलगा आहे, एवढंच म्हटलं होतं. तेव्हा तुझी वाट मीच मोकळी ठेवली होती. तू फक्त चालत गेलास.

टाइम ऑफिसात मी एक गोष्ट पाहिली आहे. दोघांची जबानी जुळली नाही तर त्यातला ज्याला नोकरी आहे तो जातो. मला नोकरी नाही. तुला लागायची होती. विचार करायला बाईंनी वेळ दिला नाही, आणि तो लागलाही नाही.

मी म्हटलं, ‘नाय बाई, मी बी त्याला वळखत नाय.’ इंग्रजीत म्हटलं. तुला आपल्या बोलीत लिहिलं, म्हणजे नीट ऐकू येईल.

मग नाव कुठून मिळालं, म्हणाल्या. पेपरात आलं होतं म्हटलं, पेणचा मुलगा तिकडे शिकतोय म्हणून. आणि कंपनी? पेपरातच. असं आणखी कोणाकोणाला पाठवता? जो बाहेर जातो त्याच्यासाठी पाठवतो, म्हातारा माणूस आहे, वेळ जात नाही. त्या हसल्या. मग फार मायेने मला समजावलं, की हे तुम्ही करू नका, यामुळे त्या मुलाचं नुकसान होऊ शकतं. हाउ स्वीट, असंही म्हणाल्या. मला स्वीट म्हणणाऱ्या त्या पहिल्याच. तेव्हा मी तिथे खुळा म्हातारा म्हणून नोंदलेला आहे आणि तू स्वच्छ आहेस. गणपती नाताळात कर्मचाऱ्यांत सोडत काढून कोणाला तरी देणार आहेत. तुला लागला तर घेऊ नकोस, संशय येईल.

अभ्यासावर लागलो असं लिहितोस. लागला असशील. बाईंनी कामाकडे पाहिलं, बाकी कशाकडे नाही, असंही लिहितोस. बाकीचं मी त्यांच्या समोरून उचललं म्हणून त्यांना कामाकडे पाहता आलं. हे मी उपकार म्हणून लिहीत नाही. उपकार ओळखीच्यावर करतात. आपली म्हणून मी बरीच पोरं लावली, परका म्हणून लावलेला तू एकटाच. आणि खरं सांगू, त्या सगळ्यांत तुझं काम लवकर झालं. पुढे कोणी ओट्यावर आलंच तर हीच रीत सांगेन.

एक मात्र लक्षात आलं. कस्टमने वाल, पापड फेकले, असं तू लिहिलं होतंस. त्याआधी मी फक्त मूर्तीचं लिहिलं होतं. खोटं बोलायचं तर आधी समोरच्याला काय माहीत आहे ते आठवावं. साहेबांपुढे असं करू नकोस, त्यांच्याकडे तुझी पत्रं जपून ठेवलेली असतात.

हौसाला यातलं काही सांगितलेलं नाही. तू साहेबासमोर मामाचं नाव काढलंस का, असं तिने विचारलं. काढलं म्हटलं. तेही खोटं नाही.

खाडीकाठच्या शेताचं तिला पाठ करून घेतोय. सासूला बांधावर बसवायला ती तयार नाही. त्यांना शिंका यायच्या म्हणते. घेईन करून.

पासपोर्टचं होऊन जाईल, पेणला एक मुलगा कागद बघतो, त्याला मीच पूर्वी कंपनीत चिकटवला होता. सप्टेंबरात हौसाला ने. ऑफिसात घेऊन जा, बाईंना भेटव, टेबलाशी उभी करून फोटो काढ. तिचं आडनाव धुमाळ आहे. तिला ओळखायला हरकत नाही.

हैबतराव शेडगे